करडईच्या डागाला सवड देऊ नका

सोलापुरात गालिच्यावर तेल सांडण्याचा हमखास मार्ग म्हणजे शेंगा चटणी. भाकरीवर चटणीचा ढीग, बोटाने त्यात केलेलं आळं आणि आळ्यात तेलाची धार. टीव्हीसमोर ताट घेऊन बसलं की चार थेंब खाली जाणारच. मात्र ते तेल शेंगदाण्याचं की करडईचं, यावर डागाचं पुढचं सगळं ठरतं.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात यातलं सुमारे ७५ टक्के मेदाम्ल लिनोलेइक असतं; शेंगदाण्याच्या तेलात सहसा ओलेइक जास्त. ओलेइकमध्ये दुहेरी बंध एक, लिनोलेइकमध्ये दोन. त्या दोन बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन चटकन निसटतो, तिथे हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि शेजारचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. तेलाच्या डब्याच्या तोंडाशी साचलेला पिवळा, चिकट थर आठवा. नखाने खरवडला तर गोळी होऊन निघतो, साबणाला दाद देत नाही. ते तेलच आहे, वाळलेलं. याच गुणामुळे करडईचं तेल रंग आणि व्हार्निशमध्ये वापरलं जातं. रविवारी बघू म्हणून सोडून दिलेला डाग त्याच वाटेने जातो.

त्यात गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा असेल (स्वस्तातले बरेच असतात) तर आणखी पंचाईत. हा तंतू पाणी शोषत नाही, म्हणून चहा सांडला तर पुसता येतो. पण तो स्वतः हायड्रोकार्बन, म्हणजे तेलाच्याच जातकुळीतला. तेल त्याला धरून बसतं. सुती सतरंजी त्या मानाने सोपी, सरळ धुवायला टाकता येते. रंग जातो का, तेवढं कोपऱ्यावर आधी बघावं.

चटणी चमच्याने कडेकडून मध्याकडे उचलावी. मग वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉवर पसरून तासभर ठेवावं. बारीक कणांमधल्या फटी केशाकर्षणाने तेल वर ओढून घेतात. पावडर झटकल्यावर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून फडक्याने टिपावं. अंगाचा साबण नको: बोअरच्या दुष्फेन (जड) पाण्यात तो कॅल्शियमशी मिळून चिकट साका करतो. लिक्विडमधल्या अपमार्जकाच्या (डिटर्जंटच्या) रेणूचं एक टोक तेलात रुततं, दुसरं पाण्यात राहतं आणि तेलाचा थेंब वेढला जाऊन सुटतो. घासू नये, त्याने तेल खोल जातं. बादलीभर पाणी तर मुळीच ओतू नये. वाळताना पाणी तंतूंच्या टोकांकडे चढतं आणि बुडाचा मळ सोबत आणतं, म्हणून रात्री गेलेला डाग सकाळी परत दिसतो. शेवटी साध्या ओल्या फडक्याने लिक्विड काढावं, नाहीतर त्याच जागी धूळ बसते.

चटणीचा लाल रंग कॅरोटिनॉइडांचा, तेलात विरघळणारा. तेलाबरोबर तो बराचसा निघतो. रश्श्यातली हळद मात्र हट्टी. अल्कधर्मी साबण लागला की ती लाल होते, घाबरू नये, आम्लाने पुन्हा पिवळी होते. हळदीतलं रंगद्रव्य, करक्युमिन, उजेडात मोडतं आणि उन्हाला सोलापुरात तोटा नाही. फक्त तेल पूर्ण निघाल्याशिवाय गालिचा गच्चीवर नेऊ नका, कारण ऊन आणि उष्णता तेल वाळायचा वेगही वाढवतात.