‘तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर’: फुफ्फुसांच्या दाबाचा आजार आणि निर्णयातला वाटा

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ओपीडीबाहेर थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतं. पाठोपाठ मुलगा किंवा नवरा आवाज खाली आणून सांगतो, “तिला मात्र काही बोलू नका.” पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतला वाढलेला दाब. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी इथे अगदी नॉर्मल असू शकतं. धाप लागते ती डोंबिवलीच्या पुलाचा जिना चढताना, आणि तिला अशक्तपणा, वजन, नाहीतर टेन्शन अशी नावं मिळत राहतात. इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, संशय येतो. निदान पक्कं होतं ते हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून दाब मोजल्यावर.

रुग्णाला विचारून उपचार ठरवण्याची पद्धत या आजारात उशिरा आली, कारण ठरवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत अमिनोरेक्स या भूक मारणाऱ्या गोळीनंतर रुग्ण एकाएकी वाढले. त्यातूनच १९७३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची जिनिव्हातली बैठक झाली. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात १८७ रुग्णांची नोंद ठेवली गेली. निदानानंतर निम्मे रुग्ण जेमतेम २.८ वर्षं जगले. त्याच सुमारास, १९८२मध्ये, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने उपचारांचा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यावा असं म्हटलं होतं. या रुग्णांच्या बाबतीत मिळून घ्यायचं काय, हा प्रश्नच होता.

१९९५मध्ये अमेरिकेत एपोप्रोस्टेनॉलला मान्यता मिळाली. हे औषध शरीरात काही मिनिटंच टिकतं, म्हणून छातीतल्या नळीतून, पंपाने, चोवीस तास द्यावं लागतं. आंघोळ, झोप, प्रवास, सगळं त्या पंपाच्या तालावर. असं जगायचं की नाही, हे रुग्णाऐवजी दुसरं कोण सांगणार? भारतात हे औषध सर्रास वापरात आलंच नाही. २००१मध्ये बोसेंटानची गोळी आली. तिच्यासोबत दर महिन्याला यकृताची तपासणी आणि गर्भाला धोका. मुळात या आजारात गरोदरपणच जिवावर बेतू शकतं, आणि रुग्णांत तरुण बायका पुष्कळ. इथे मात्र प्रश्न बहुधा सासूबाई विचारतात आणि उत्तरही त्याच ऐकतात.

आपल्याकडचा खरा आधार सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा या नावाने सगळ्यांना ठाऊक असलेलं औषध. आपल्या कायद्यात २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आधीपासून मिळत होत्या. २००४मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी २२ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीने चालण्याची ताकद वाढली होती. अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली ती पुढच्या वर्षी. पण पंचविशीतली मुलगी चिठ्ठी घेऊन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाते, तेव्हा काउंटरवरचा माणूस एकदा चिठ्ठीकडे, एकदा तिच्याकडे बघतो. ती घरी येऊन गोळ्या स्ट्रिपमधून काढून साध्या डबीत भरते. हे आधी बोललं गेलं नाही, तर गोळी कधी बंद झाली ते डॉक्टरांना कळतही नाही. शिवाय छातीत दुखलं म्हणून शेजारच्या आजोबांची जिभेखालची नायट्रेटची गोळी तिला कुणी दिली, तर दोन्ही गोळ्या मिळून बीपी धोकादायक घसरू शकतं. डबीवर नाव नसलं की हे कुणाच्या लक्षात यायचं?

कायद्याची बाजू थोडक्यात. समीरा कोहली प्रकरणात २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालणार नाही असं सांगितलं, पण किती माहिती द्यायची याचं माप बरंचसं डॉक्टरांच्याच हाती ठेवलं. ब्रिटनच्या न्यायालयाने २०१५मध्ये ते माप रुग्णाकडे नेलं.

त्याआधी, २०१४मध्ये, ब्रिटनमध्येच या रुग्णांसाठी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली तयार झाली होती. एक जिना चढल्यावर धाप लागते का? गर्दीत जायचा धीर होतो का? मध्य रेल्वेच्या फलाटावर बसून लिहिल्यासारखे प्रश्न. आणखी एक प्रश्न असा, की आपण दुसऱ्यावर ओझं आहोत असं वाटतं का. तो विचारताना मुलाला बाहेर बाकावर बसवलेलं बरं.