बाराव्या वर्षी येणारी दाढ

दातांच्या सर्वेक्षणात जगभर एक साधी मोजणी वापरतात: किडलेले दात किती, किडीमुळे काढलेले किती, भरलेले किती. अमेरिकेत 1938 मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत तिन्ही आकड्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेत घरची परिस्थिती झाकली जाते. समजा, नागपुरातल्या पंधरा वर्षांच्या दोन मुलांची बेरीज तीनच आली. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातल्या मुलाचे तिन्ही दात भरलेले आहेत. ठिय्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्या मजुराच्या मुलीचे दोन किडलेले आहेत आणि एक उपटलेला. कीड दोघांनाही लागली, दाढ गेली ती एकीचीच.

कीड लागते कशी? दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखर पचवून आम्ल सोडतात. तोंडाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि खनिजं परत आणून देते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. सकाळी चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं क्रीमचं बिस्किट, संध्याकाळी टॉफी, असं चाललं की लाळेला उसंतच मिळत नाही. त्यात नागपूरचा मे महिना! शरीरातलं पाणी कमी झालं की लाळही कमी सुटते, आणि तहान भागवायला हातात गोड बर्फाचा गोळा असतो.

बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी कायमची दाढ येते. नव्या दाढेचं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, वरच्या खाचा खोल असतात, ब्रश तिथवर नीट पोहोचत नाही. नेमक्या याच वयात मुलांच्या खिशात स्वतःचे पैसे येतात आणि ब्रश केला का, हे विचारणारं कोणी उरत नाही. आई-वडील दोघंही पहाटे कामावर जात असतील तर विचारणार कोण? 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 12 वर्षांच्या सुमारे 54 टक्के आणि 15 वर्षांच्या सुमारे 63 टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती.

गरिबी आणि कीड यांचं नातं मात्र कायम असंच नव्हतं. साखर महाग होती तेव्हा दात श्रीमंतांचे किडत. 1598 मध्ये इंग्लंडला गेलेल्या हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने राणी पहिल्या एलिझाबेथचे काळे दात पाहून त्याचं खापर साखरेवरच फोडलं होतं. साखर स्वस्त झाली तशी कीड गरिबांच्या घरी आली. आज वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या दुकानात गोड पुडी पाच रुपयांना मिळते आणि संत्र्याच्या हंगामाबाहेर फळ परवडत नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट कवच बळकट करते, पण कित्येक घरांत अजून लाल मंजन किंवा गुडाखूच चालतं. गुडाखूत तर तंबाखूच असते, आणि दुखऱ्या दाढेत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, धरून ठेवणारी पोरंही आहेत.

माझ्या मते खरा अन्याय यापुढे सुरू होतो. किडीचा खड्डा लहान असताना भरला तर काम थोड्या वेळात होतं. पण तेव्हा दुखत नसतं, आणि न दुखणाऱ्या दातासाठी बापाने दिवसाची मजुरी का बुडवावी? दाढ ठणकू लागते तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलेली असते. खासगी दवाखान्यात रूट कॅनालला काही हजार रुपये लागतात. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय स्वस्त आहे, पण रूट कॅनालसाठी बरेचदा पुन्हा पुन्हा यावं लागतं आणि प्रत्येक वेळी एक रोज बुडतो. दात काढणं एका फेरीत होतं. त्यामुळे आई-वडील काढण्याला हो म्हणतात, आणि त्यांना दोष देणं मला पटत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून शाळेत मुलांची तपासणी होते, त्यात दातही पाहतात. कीड दिसली की पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. पण ती चिठ्ठी घेऊन जायचं म्हणजे पुन्हा एक रोज बुडवणं आलंच. ही फेरी वाचवणारी पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात विकसित झाली: ड्रिल नाही, वीज नाही, हाताच्या अवजाराने मऊ झालेला भाग खरवडायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट दाबून भरायचं. हे सिमेंट आणि फ्लोराइड पेस्ट दोन्ही 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सहावी-सातवीच्या वर्गातच, बाकावर झोपवून, नव्या दाढेची खाच भरता येते.