हक्करक्षकांच्या बचावाची मोहीम (खानदेश)

मानवी हक्करक्षक म्हणजे स्वतःच्या समाजाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या हक्कासाठी शांततेने काम करणारा कुणीही माणूस, त्याला ना डिग्री लागते ना ओळखपत्र, आणि खानदेशात त्याला या नावाने कोणी ओळखतही नाही, इथे तो संघटनेवाला असतो, नाहीतर आरटीआयवाला, नाहीतर नुसताच 'तो मोर्चावाला'. अशा माणसाला धमकी आली, खोटी केस लागली, मारहाण झाली, की त्याला वाचवायला लोक जो दबाव उभा करतात त्या सगळ्याला मिळून ही मोहीम म्हणायचं. त्यात सह्या आल्या, फोन आले, प्रेसनोट, निवेदन, कोर्ट, कमिशन, सगळंच.

कागदावरचा आधार सांगायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ९ डिसेंबर १९९८ ला हक्करक्षकांचा जाहीरनामा मंजूर केला. २००० पासून या विषयासाठी एक स्वतंत्र व्यक्ती नेमलेली असते, ती सरकारांना पत्र लिहून जाब विचारते. जाहीरनामा कोणावर बंधनकारक मात्र नाही. भारतात हक्करक्षकांसाठी वेगळा कायदा नाही, भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत गेला आणि पुढे लागूच झाला नाही. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी २०१७ चा कायदा आहे, पण साधा कार्यकर्ता त्यात बसत नाही. तळेगाव दाभाडेचे आरटीआय कार्यकर्ते सतीश शेट्टी २०१० मध्ये मारले गेले, पुण्यात २०१३ मध्ये डॉ. दाभोलकर, कोल्हापुरात २०१५ मध्ये कॉ. पानसरे. ही मोठ्या शहरांजवळची नावं म्हणून राज्यभर पोचली. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावरचं नाव तसं पोचत नाही, आणि खानदेशातल्या मोहिमेची सगळी अडचण तिथूनच चालू होते.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत धोका कुठे असतो ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सातपुड्यात वनजमिनीचे दावे, तापी-गिरणा-पांझरेची वाळू, रेशन आणि घरकुलाच्या यादीवर टाकलेले माहिती अधिकाराचे अर्ज, आणि आदिवासी पट्ट्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिच्या बाजूने उभं राहणं. शेवटच्या प्रकारात पोलिसांपेक्षा गावाचीच भीती जास्त असते. बाई कार्यकर्ती असेल तर आधी तिच्या चारित्र्यावर बोललं जातं, केस नंतर येते.

तसा हा इतिहास जुना आहे. १९७० च्या आसपास शहादा-तळोद्यात अंबरसिंग महाराजांनी भिल्लांच्या गेलेल्या जमिनींचा आणि सालदारांच्या (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांच्या) मजुरीचा प्रश्न उचलला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, कुमार शिराळकरांसारखे शिकलेले तरुण बाहेरून येऊन इथेच राहिले आणि वाहरू सोनवणेंसारखे आदिवासी कार्यकर्ते त्यातूनच पुढे आले. माझ्या मते बाहेरची माणसं गावात राहायला येणं हेच तेव्हाचं संरक्षण होतं, कारण मुंबई-पुण्यात ओळखी असलेला माणूस मार खातो तेव्हा बातमी होते आणि त्याच्या शेजारी उभा असलेला सालदार मार खातो तेव्हा होत नाही. हे बरोबर नव्हतं, पण चालत होतं.

जगभर गेलेलं उदाहरण म्हणजे मणिबेली. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं बुडिताखाली येणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली (नंदुरबार जिल्हा १९९८ चा, तेव्हा हे धुळे जिल्ह्यात होतं), आणि मणिबेली त्यात सगळ्यात पुढे. जमावबंदी, अटका, लाठीमार चालू झाल्यावर नर्मदा बचाव आंदोलनाने बाहेरच्या संघटनांना साद घातली, जून १९९२ मध्ये एशिया वॉच या अमेरिकेतल्या मानवी हक्क संघटनेने इथल्या अटका आणि मारहाणीवर अहवाल काढला, त्याच महिन्यात जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवालही विरोधात गेला आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज भारताने घेणं थांबवलं. मोहीम जिंकली असंच कोणीही म्हणेल. पण धरण थांबलं नाही, पोलीसही हलले नाहीत, आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला धडगाव भागात चिंचखेडीला सर्वेला विरोध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला त्यात रेहमल वसावे हा कोवळ्या वयाचा मुलगा गेला. वॉशिंग्टनपर्यंत पोचलेल्या दबावाने पैसा अडवला, मुलगा वाचवला नाही. प्रकल्पावरचा दबाव आणि माणसाचं संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या त्या यासाठी.

माणसाचं संरक्षण बहुतेक वेळा पहिल्या रात्रीतच होतं किंवा हुकतं. कार्यकर्त्याला उचललं की आधी कोणत्या स्टेशनला नेलं हे शोधायचं, मग पन्नास-शंभर लोकांनी स्टेशनबाहेर शांतपणे बसायचं, वकिलाला आणि तालुक्याच्या वार्ताहराला फोन करायचा. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे, नातेवाइकाला कळवणंही (डी. के. बसू खटला, १९९६), आणि पोलिसांना हे माहीत असतं, फक्त बाहेर बसलेल्यांना माहीत आहे हे त्यांना दिसायला लागतं. हेबियस कॉर्पससाठी (कोंडून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असा अर्ज) मात्र हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ गाठावं लागतं, म्हणजे धडगाववाल्याला सातपुडा उतरून अख्खा धुळे जिल्हा ओलांडून जायचं, म्हणून संभाजीनगरात ओळखीचा वकील आधीच ठेवलेला बरा.

केसेसही ठरलेल्या असतात. आंदोलनाआधी कलम १४९ ची नोटीस (गुन्हा करू नका अशी पोलिसांची ताकीद), मग १०७ चा चॅप्टर (शांतता राखण्याचा बाँड लिहून घेणं), तहसीलमध्ये आवाज चढला की ३५३ (सरकारी कामात अडथळा). जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात हे आकडे १६८, १२६ आणि १३२ झालेत पण स्टेशनात आणि बाहेर दोन्हीकडे अजून जुनेच बोलले जातात. सगळ्यात वाईट तडीपारी, कारण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली प्रांत दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढू शकतो आणि मग संघटना आपोआप थंडावते. यावर ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. अमरावतीच्या एका पत्रकार-आरटीआय कार्यकर्त्याची तडीपारी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केली, तो निकाल आपल्याकडच्या वकिलांनी जवळ ठेवण्यासारखा आहे. कार्यकर्ता आदिवासी किंवा दलित असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ खाली फिर्यादी आणि साक्षीदारांना संरक्षण मागता येतं, हे फार कमी लोक वापरतात.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे मराठीत तक्रार करता येते, घटनेपासून एक वर्षाच्या आत, आणि २०१० पासून तिथे हक्करक्षकांसाठी वेगळी सोय आहे. पण राज्य आयोगाकडे प्रकरण आधीच चालू असेल तर दिल्लीचा आयोग हात लावत नाही, त्यामुळे घाईघाईत दोन्हीकडे अर्ज टाकणं अंगाशी येऊ शकतं. आयोग शेवटी शिफारसच करतो, तरी नोटीस आली की एसपी ऑफिसमधून खाली विचारणा होते, आणि कधी कधी तेवढ्याने मार थांबतो.

अजून एक गोष्ट, जी बाहेरचे लोक विसरतात. पाड्यावरचा माणूस पावरी किंवा भिली बोलतो, स्टेशनात जबाब मराठीत लिहिला जातो, परदेशी संघटनेला मेल इंग्रजीत जातो, आणि या वाटेत तारीख, गाव, कोणी मारलं हे सगळं हळूच बदलतं. मग समोरचा वकील नेमकी तीच तफावत काढतो. म्हणून पहिला जबाब त्याच्याच बोलीत फोनवर रेकॉर्ड करून ठेवावा. आणि नाव-फोटो व्हायरल करायच्या आधी त्याला आणि घरच्यांना विचारावं, काहींना प्रसिद्धीने कवच मिळतं, काहींच्या शेताची वाट दुसऱ्या दिवशी अडवली जाते.

डब्लिनच्या फ्रंटलाइन डिफेंडर्ससारख्या संस्था धोक्यातल्या माणसाला तातडीची मदत देतात, ॲम्नेस्टीची तातडीच्या पत्रांची पद्धत १९७३ पासूनची आहे. मात्र एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा परवाना नसलेल्या संघटनेला परदेशी पैसा घेता येत नाही, आणि तालुक्याच्या बहुतेक संघटनांकडे तो नसतो. केस मात्र वर्षानुवर्षं चालते, आधी आलेले कॅमेरे परत येत नाहीत, आणि शहादा कोर्टाच्या तारखेचं एसटी भाडं गावच्या वर्गणीतूनच निघतं.