ॲप्टची ती पिवळी ओळ येते कुठून?

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधला लेबल छापायचा कॉम्प्युटर उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर नेला. अपग्रेडनं प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची बाहेरची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून उतरवतात तो साठा) परस्पर बंद करून टाकली होती, ती पुन्हा चालू केली. लगेच ॲप्टची, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमची, पिवळी सूचना आली: किल्ली (रिपॉझिटरीची सही ओळखायची फाइल) जुन्या ‘ट्रस्टेड डॉट जीपीजी’ जुडग्यात आहे. मालक म्हणाले, “चालतंय ना भाऊ? मग राहू द्या.” चालत होतंच.

या जुडग्याची गोष्ट जुनी आहे. इयन मर्डॉक यांनी डेबियनची, म्हणजे उबुंटू ज्यावर बेतलंय त्या लिनक्सची, घोषणा केली १६ ऑगस्ट १९९३ ला. त्यातलं डीपीकेजी हातात दिलेलं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसवायचं. त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस शोधून आणणं आपल्याकडे. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट आलं आणि ही शोधाशोध संपली, अर्थात ज्यांच्याकडे नेट होतं त्यांची. आम्ही नाशिककर पोस्टानं आलेल्या फुकट सीडीवरून उबुंटू टाकायचो. कॅनडा कॉर्नरच्या कॅफेतून एक डेब फाइल (म्हणजे एक पॅकेज) पेन ड्राइव्हवर घरी न्यावी, तर तिनं दुसरी मागावी, दुसरीनं तिसरी.

तोवर मिररनं (रिपॉझिटरीची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरनं) दिलं ते खरं, असाच कारभार होता. एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० पासून ॲप्ट रिपॉझिटरीची डिजिटल सही तपासू लागलं आणि किल्ल्या सांभाळायला ॲप्ट-की आलं. गोम इथेच होती. सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात, आणि जुडग्यातल्या कुठल्याही किल्लीची सही कुठल्याही रिपॉझिटरीला चालायची. द्राक्षवाल्यांना हे चटकन कळतं: निर्यातीच्या पेटीवर बागेचा नोंदणी क्रमांक असतो, उद्या कुणाही नोंदणीकृत बागेचा क्रमांक कुणाच्याही पेटीवर चालेल म्हटलं, तर त्या क्रमांकाला अर्थ काय उरला?

त्याच २००७ मध्ये उबुंटूच्या पीपीए, म्हणजे कुणालाही उघडता येणाऱ्या खासगी रिपॉझिटरी, आल्या. पुढे ‘ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा’ हा प्रकार इतका रुळला की सुडो (पुढची आज्ञा पूर्ण अधिकारानं चालवणारा शब्द) मारताना कुणी वाचेनासं झालं. मीही नाही.

आताच्या पद्धतीत किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि रिपॉझिटरीच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ लिहायचं. मग ती किल्ली तेवढ्यापुरतीच. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ॲप्ट-की उरलेलंच नाही. मात्र रिपॉझिटरीवालाच लबाड निघाला तर साइन्ड-बाय काही करू शकत नाही, कारण पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट म्हणूनच, म्हणजे पूर्ण अधिकारानंच, चालतात.

पॅकहाऊसच्या जुडग्यात तीन बाहेरच्या किल्ल्या निघाल्या. एक प्रिंटरची, ती वेगळ्या फाइलमध्ये हलवली. दुसरी मुदत संपलेली. तिसरी कुठल्याशा व्हिडिओ प्लेअरची. तो कुणी टाकला होता, हे तिथल्या चौघांपैकी एकानंही कबूल केलं नाही.