पोर्टेबल पॉवर स्टेशनची क्षमता ठरवणे

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे लिथियम बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर (बॅटरीतली डीसी वीज घरातल्यासारखी एसी करणारा भाग) एकाच पेटीत बसवलेले, उचलून नेता येणारे यंत्र. वीज गेल्यावर पंखा, दिवा, राउटर, लॅपटॉप अशी लहान उपकरणे त्यावर चालतात. ते केवढे घ्यायचे हे दोन आकड्यांवरून ठरते. यंत्र एका वेळी किती भार पेलते हे वॉटमध्ये कळते, तर आत साठवलेली वीज वॉट-तासांत मोजतात. महावितरणच्या बिलातले एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-तास.

एक आकडा मोठा असला की दुसराही पुरेसा असेल, असे धरून चालू नये. 750 वॉटचा मिक्सर पाच मिनिटे फिरवला तर साधारण 62 वॉट-तासच खर्च होतात, पण 300 वॉटच्या यंत्रावर तो चालणारच नाही. उलट 10 वॉटचा राउटर कोणत्याही यंत्रावर चालतो आणि दिवसभरात 240 वॉट-तास खातो.

एका रात्रीचा हिशेब असा: 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठ तास (240), राउटर आठ तास (80), 9 वॉटचा एलईडी दिवा चार तास (36) आणि दोन मोबाइल (सुमारे 30), एकूण 386 वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये साधारण 15 टक्के वीज वाया जाते असे धरून 0.85 ने भागले की 454 येतात. 500 वॉट-तासांचे यंत्र जेमतेम पुरेल. तोच पंखा जुना, 75 वॉटचा असेल तर गरज 880 च्या आसपास जाते. अशा वेळी मोठ्या यंत्रापेक्षा आधी पंखा बदलणे जास्त शहाणपणाचे.

एसी सॉकेट सुरू ठेवले की इन्व्हर्टर स्वतःही काही वॉट सतत घेत राहतो. राउटरसारख्या किरकोळ भाराला हे फार महाग पडते. 12 व्होल्टचा राउटर योग्य केबलने थेट डीसी जोडणीवर लावला तर तो बराच जास्त वेळ चालतो.

फ्रिजसाठी स्टार लेबलवरचा वार्षिक आकडा उपयोगी पडतो: वर्षाला 200 युनिट म्हणजे रोज सुमारे 550 वॉट-तास. मात्र कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, त्यामुळे यंत्राची क्षणिक भार पेलण्याची मर्यादाही पाहावी लागते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरातल्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा हवा. इस्त्री, गीझर, इंडक्शन शेगडी ही उष्णता देणारी उपकरणे या हिशेबातून सरळ वगळावीत.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असेल तर ती जड असते, पण हजारो वेळा चार्ज करता येते. घरात रोज वापरायचे असेल तर तीच घ्यावी. अमेरिकेत विकली जाणारी यंत्रे साधारणतः 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची वीज देतात. भारतातली उपकरणे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर चालतात. त्यामुळे तिकडून कोणी भेट पाठवणार असेल, तर आधी हा तपशील विचारून घ्यावा. शिवाय विमानातून सोबत नेण्यासाठी साधारण मर्यादा 100 वॉट-तासांची, विमान कंपनीच्या परवानगीने 160 ची. म्हणजे घरगुती वापराजोगे यंत्र सामानातून आणता येत नाही.