उभे घड्याळ (विज्ञानकथेतील)

माणसाएवढ्या किंवा त्याहून उंच लाकडी पेटीत बसवलेले, वजनांवर चालणारे लंबकाचे घड्याळ. ग्रँडफादर क्लॉक या नावानेच ते जास्त ओळखले जाते. विज्ञानकथांत ते कधी कालयानाचे सोंग घेऊन येते, तर कधी भूतकाळात उघडणारे दार म्हणून. त्याच्या अंगचा खरा गुण मात्र लेखक क्वचितच वापरतात: हे घड्याळ वेळेइतकेच गुरुत्वाकर्षणही मोजते.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ मध्ये पहिले लंबकाचे घड्याळ तयार केले. उभ्या घड्याळाचा लंबक साधारण ९९.४ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि एका बाजूकडून दुसरीकडे जायला बरोबर एक सेकंद घेतो. प्रत्येक झोक्याला दात्यांच्या चाकाचा एकच दात सुटतो, वजन किंचित खाली उतरते आणि लंबकाला पुढच्या झोक्यापुरता धक्का मिळतो. झोक्याचा काळ लंबकाची लांबी आणि त्या जागेचे गुरुत्वाकर्षण या दोन गोष्टींवर ठरतो. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे याने पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलेले घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, हे त्यावरून पुढे उलगडले.

पुण्याच्या वाचकाला हे घरबसल्या पडताळता येईल. लंडनमध्ये अचूक लावलेले उभे घड्याळ पुण्यात आणले, तर ते दिवसाला अदमासे दोन मिनिटे मागे पडते. लंबकाखालचा स्क्रू फिरवून गोळा जेमतेम तीन मिलिमीटर वर घेतला की काम भागते. तेच घड्याळ सिंहगडाच्या माथ्यावर नेले तर आणखी काही सेकंदांचा फरक पडेल. शहरापेक्षा गड सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे आणि उंचीबरोबर गुरुत्वाकर्षण घटते. गंमत पुढे आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार उंचावर काळ अधिक वेगाने जातो. म्हणजे गडावरचे आण्विक (अणूंच्या कंपनांवर चालणारे) घड्याळ पुण्यातल्या घड्याळाच्या दिवसाला काही नॅनोसेकंद पुढे जाईल, तर शेजारी ठेवलेले लंबकाचे घड्याळ मागे पडेल. एकाच खोलीतली दोन प्रामाणिक घड्याळे उलट साक्ष देतात. गुप्त खोल्या आणि जादूच्या किल्ल्यांपेक्षा कथेला हे बीज कितीतरी कसदार आहे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तर ते फोडून सांगण्याचीही गरज नाही.

परग्रहांवरचे हिशोब सोपे आहेत. चंद्रावर खऱ्या एका तासात हे घड्याळ साडेचोवीस मिनिटे दाखवेल, मंगळावर सुमारे सदतीस. पृथ्वीवर आठ दिवस पुरणारी चावी चंद्रावर जवळजवळ वीस दिवस पुरेल, कारण वजन झोक्यागणिक उतरते आणि झोकेच संथ झालेले असतात.

यानात मात्र लेखकाचा कस लागतो. इंजिन पृथ्वीइतका प्रवेग देत असेल तर घड्याळ घरच्यासारखे चालेल. बंद खोलीतल्या प्रवाशाला आपण अवकाशात आहोत याचा त्यावरून पत्ता लागणार नाही. इंजिन बंद झाले की काय होईल, हे बहुतेक लेखक चुकवतात. लंबक जागच्या जागी लटकून राहत नाही. ऐन झोक्याच्या मध्यावर असेल तर आहे त्या वेगाने खिळीभोवती वर्तुळात सरकत राहील आणि पेटीच्या फळीवर आपटेल. टोकाला क्षणभर थांबलेला असेल तर तिथेच तिरपा राहील. वजनांचा ओढही त्याच क्षणी संपतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांत भिंतीवर दिसणाऱ्या स्प्रिंगच्या घड्याळाला निदान जोर तरी उरेल, पण लंबकाला परत आणणारे कोणी नसल्याने त्याचाही उपयोग नाही. फिरत्या अंतराळस्थानकात कडेला लावलेले घड्याळ अक्षाकडे नेत गेले तर ते मंदावत मंदावत थांबते. कथेतल्या गुप्तहेराला आपण कोणत्या मजल्यावर आहोत हे सांगायला एवढे पुरे.

आयुकाच्या आवारातला फूकोचा लंबक याच कुळातला, पण वेगळ्या कामाचा. पेटीतल्या लंबकाला एकाच प्रतलात बांधून ठेवलेले असते. मोकळा टांगलेला फूकोचा लंबक पृथ्वीचे फिरणे दाखवतो आणि पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याच्या दिशेला पूर्ण फेरी मारायला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो.

कथांच्या इतिहासात मानाचे पान एडवर्ड पेज मिचेल याच्या ‘द क्लॉक दॅट वेंट बॅकवर्ड’ या कथेचे. ती १८८१ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘द सन’ या वृत्तपत्रात लेखकाच्या नावाविना छापली गेली, एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’च्या चौदा वर्षे आधी. उलटे चालणारे एक जुने डच घड्याळ तरुणांना १५७४ मधल्या, नेदरलँड्समधील लायडन शहराच्या वेढ्यात नेऊन सोडते. त्या वेढ्याच्या काळी लंबकाचे घड्याळ जन्मालाही आले नव्हते. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत १९७६ पासून मास्टर या खलनायकाचे कालयान उभ्या घड्याळाच्या रूपात दिसले. तिथे घड्याळ म्हणजे नुसता वेष. आत लंबक असो वा कपाट, कथेला फरक पडत नाही.

तेरा ठोके देणारे घड्याळ ही बालकथांत आणि गूढकथांत रुळलेली युक्ती आहे. खरी यंत्रणा त्याहून गमतीची. जुन्या पद्धतीच्या घड्याळात ठोके मोजणारे चाक काट्यांकडे पाहत नाही. बारा तासांचे मिळून ७८ ठोके ते क्रमाने देत जाते. काटे कोणी चुकीच्या पद्धतीने पुढे ढकलले की तबकडीवर तीन वाजलेले असताना घड्याळ सात ठोके देऊ शकते. काटे उलटे फिरवून हा गोंधळ मिटत नाही. ठोक्यांची कळ हाताने उचलत एकेक तास वाजवून घ्यावा लागतो.