तुटीच्या तराजूत सोयाबीन

अमेरिका आणि चीन व्यापारतुटीवर बोलायला बसले की सोयाबीनचे नाव निघतेच. आकडे पाहिले तर याचे नवल वाटते. २०१७ मध्ये चीनशी असलेली अमेरिकेची वस्तुव्यापारातील तूट सुमारे ३७५ अब्ज डॉलर होती, आणि त्या वर्षी चीनला गेलेले अमेरिकी सोयाबीन साधारण १२ अब्ज डॉलरचे. ही विक्री दुप्पट झाली असती, तरी शंभर रुपयांच्या तुटीतले जेमतेम तीन रुपये भरून निघाले असते. तरीही घासाघीस याच दाण्यावर होते. घेणाऱ्याला तो दुसरीकडून मिळतो, विकणाऱ्याला मात्र तेवढे मोठे दुसरे गिऱ्हाईक नाही. अमेरिकेच्या सोयाबीन निर्यातीतला निम्म्याहून अधिक माल तेव्हा एकट्या चीनला जात होता.

हे दुसरे दुकान म्हणजे ब्राझील. ते उभे राहिले ते अमेरिकेच्याच एका निर्णयामुळे. १९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोव्ही मासळी घटली, पशुखाद्यातली मासळीची भुकटी तुटली आणि मागणी सोयापेंडीकडे वळली. भाव भडकले तसे २७ जून १९७३ रोजी निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात रोखली. निर्बंध काही महिन्यांतच उठले, पण जवळजवळ सगळे सोयाबीन अमेरिकेतून आणणारा जपान सावध झाला. १९७९ पासून त्याने ब्राझीलच्या सेराडो या गवताळ माळरानाच्या भागात संयुक्त प्रकल्पातून पैसा घातला.

तिथली जमीन सोयाबीनची नव्हतीच. माती आम्लधर्मी, ॲल्युमिनियममुळे मुळांना मारक. हेक्टरी काही टन चुना घातल्याशिवाय पीक उभे राहत नसे. दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. दिवस लहान झाला की सोयाबीन फुलते. विषुववृत्ताजवळ उन्हाळ्यातही दिवस फारसा वाढत नाही, म्हणून थंड प्रदेशातले वाण नीट वाढण्याआधीच फुलोऱ्यावर येत. झाड बुटके, शेंगा जमिनीलगत. कापणी यंत्राचे पाते त्यांच्या वरूनच निघून जाई. १९७३ मध्येच स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने उशिरा फुलणाऱ्या वाणांवर काम केले, आणि या साऱ्या कथेत मला हेच सर्वांत मोठे काम वाटते. २०१२-१३ च्या हंगामात ब्राझील निर्यातीत अमेरिकेच्या पुढे गेला.

चीन हे सोयाबीनचे मूळ घर. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो निर्यातदारही होता. ११ डिसेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार संघटनेत जाताना त्याने गहू, तांदूळ, मका यांना कोट्याचे कुंपण ठेवले, म्हणजे ठरावीक टनांपर्यंतच कमी शुल्कात आयात, सोयाबीन मात्र ३ टक्के शुल्कावर खुले सोडले. हिशेब जमिनीचा होता. तिथे हेक्टरी उत्पादन जेमतेम २ टन. १० कोटी टन पिकवायचे तर ५ कोटी हेक्टर लागतील. त्यापेक्षा दाणा आणावा आणि बंदराजवळच गाळावा. शंभर किलो दाण्यातून ७८-८० किलो पेंड आणि १८-१९ किलो तेल निघते. पेंड डुकरे-कोंबड्यांना, तेल स्वयंपाकाला. २०१७ मध्ये आयात ९ कोटी ५५ लाख टनांवर गेली. त्यात अमेरिकेचे ३ कोटी २८ लाख.

६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावले. चीनने त्याच दिवशी उलट शुल्क लावले, त्यात सोयाबीन होते. आधीचे ३ धरून बोजा २८ टक्के झाला. गाळपवाल्याचा नफा म्हणजे पेंड आणि तेलाच्या किमतीतून दाण्याची किंमत वजा जाता उरते ते. एवढा बोजा त्यात मावणे शक्य नव्हते. 'पीक पेगॅसस' नावाचे जहाज सुमारे ७० हजार टन अमेरिकी सोयाबीन घेऊन चीनच्या दालियन बंदराकडे निघाले होते. शुल्क लागू होण्याआधी माल उतरला नाही, आणि जहाज महिनाभर किनाऱ्याबाहेर घिरट्या घालत राहिले. माल २ कोटी डॉलरहून अधिक किमतीचा, म्हणजे नवे शुल्कच किमान ५० लाख डॉलर.

इथे हंगामाचे गणित समजून घ्यायला हवे. ब्राझीलची काढणी जानेवारी ते मे, अमेरिकेची सप्टेंबर ते नोव्हेंबर. चीनला अमेरिकी मालाची खरी गरज ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढीच. ती खिडकी बंद राहिली की अमेरिकी शेतकऱ्याचा हंगामच बुडतो. माल कोठारात ठेवायचा तर ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास हवा. जास्त असला की ढीग तापतो, बुरशी धरते. २०१८ मध्ये चीनने अमेरिकेकडून १ कोटी ६६ लाख टनच घेतले, ब्राझीलकडून ६ कोटी ६१ लाख. शिकागोचा वायदा, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा तिथल्या बाजारात आज ठरणारा भाव, पडला, तर ब्राझीलच्या बंदरांवर त्या वायद्यावरचा अधिभार बुशेलमागे २ डॉलरच्या वर चढला. बुशेल म्हणजे २७.२ किलो. त्याच बुशेलमागे अमेरिकी सरकारने शेतकऱ्याला १.६५ डॉलर भरपाई दिली.

अमेरिकेशी झालेल्या १५ जानेवारी २०२० च्या 'फेज वन' (पहिला टप्पा) करारात चीनने दोन वर्षांत २०१७ पेक्षा २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी कबूल केली. ती पुरी झाली नाही. शुल्कयुद्ध पुन्हा पेटल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चीनची अमेरिकी सोयाबीन आयात शून्यावर आली. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केले की चीन २०२६ ते २०२८ दरवर्षी किमान २.५ कोटी टन घेईल. हा आकडा २०१७ च्या खरेदीपेक्षा जवळपास ८० लाख टनांनी कमी आहे.